मुंबईच्या घड्याळातील ३९ मिनिटे

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच दशकांत मुंबईत एखाद्या समारंभाचे निमंत्रण द्यायचे, तर नुसती वेळ सांगून भागत नसे. ती कोणती वेळ, हेही स्पष्ट करावे लागे. ‘मुंबई टाइम’ की ‘स्टँडर्ड टाइम’? दोहोंत ३९ मिनिटांचे अंतर होते. बोरीबंदरच्या स्थानकात सकाळचे सहा वाजत, तेव्हा रस्त्यापलीकडे महापालिकेच्या लेखी पाच वाजून एकवीस मिनिटेच झालेली असत. यातले कोणतेही घड्याळ बिघडलेले नव्हते. शहराने दोन वेळा पाळायचे ठरवले होते, आणि या दुहेरी संसारामागे जवळपास पाऊण शतकाचा एक वाद होता. तार आणि आगगाडी या दोन साधनांनी माणसाच्या स्थळकाळाच्या अनुभवात नेमका काय बदल घडवला, हे समजून घ्यायचे असेल तर या वादाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पृथ्वीला स्वतःभोवती फिरताना एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे पूर्वेकडच्या गावात माध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावात नंतर. एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रत्येक गावाची वेळ त्या गावापुरती असे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटांहून किंचित अधिक. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो मुंबईच्या चारेक मिनिटे आधी, आणि नागपुरात सुमारे २५ मिनिटे आधी. या फरकाचा कोणालाही त्रास नव्हता, कारण तो कोणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. नागपूरहून मुंबईला बैलगाडीने किंवा घोड्यावरून येणाऱ्याला जे दिवस लागत, त्यात २५ मिनिटे कुठे विरघळून जात ते त्याला कळण्याचे कारण नव्हते. दिवस सूर्योदयापासून मोजायचा, त्याच्या साठ घटिका, चोवीस मिनिटांची एक घटिका, आणि लग्नघरी पाण्यात घातलेले घटिकापात्र, एवढ्यावर व्यवहार चालत असे. आपले जुने ज्योतिर्गणित उज्जयिनीची रेषा मध्य धरून चाले आणि इतर गावांसाठी देशांतराचा संस्कार करी. म्हणजे गावागणिक वेळ वेगळी असते हे ज्ञान आपल्याकडे होतेच. गणिताबाहेर त्याची गरज पडत नव्हती, इतकेच.

ती गरज निर्माण केली तारेने. मराठीत ‘दळणवळण’ हा शब्द आजही माणसांच्या ये-जा करण्याला आणि निरोपांच्या देवाणघेवाणीला मिळून वापरला जातो. तारेच्या आधी या दोन गोष्टी खरोखरच एक होत्या. निरोप न्यायचा तर कोणीतरी चालत, घोड्यावर किंवा गलबतातून जायला हवे. जासूद जितक्या वेगाने धावे, तितक्याच वेगाने बातमी धावे. तारेने ही जोडी प्रथमच फोडली. निरोप माणसाला मागे टाकून पुढे गेला. अमेरिकन अभ्यासक जेम्स केरी यांनी तारयंत्रावरील आपल्या १९८३ सालच्या निबंधात याच मुद्द्यावर भर दिला आहे. त्यांच्या मते तारेची खरी क्रांती वेगात नव्हती. वाहतूक आणि संदेशवहन यांची कायमची फारकत झाली, ही ती क्रांती. केरी यांचे विवेचन अमेरिकेविषयी आहे. परंतु मुंबईच्या कापूसबाजाराकडे पाहिले, की ते जणू या शहरासाठीच लिहिले आहे असे वाटते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशांचा पूर आला. त्या वेळी लिव्हरपूलचा भाव मुंबईला कळायला सुमारे चार आठवडे लागत. इजिप्तमार्गे येणारी डाक हाच एक आधार होता. साहजिकच ज्याला डाक आधी मिळे तो श्रीमंत होई. त्या काळचे कापूसबाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद आपली माणसे मचव्यांतून खोल समुद्रात पाठवीत आणि आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच भावाची खबर मिळवीत, असे सांगितले जाते. किनारा आणि बोट यांच्यामधले काही मैल पाणी हेच त्यांचे भांडवल! १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, १ जुलैला वायद्यांची पूर्तता करण्याची वेळ आली आणि मुंबईतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद स्वतःही त्यात सापडले. परंतु तत्पूर्वी त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे एक मनोरा उभा राहिला आणि १८७८ साली पूर्ण झाला. त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जाणारा हाच तो राजाबाई टॉवर. या मनोऱ्यावरचे घड्याळ आपल्या कथेत पुन्हा येणार आहे.

युद्ध संपत असताना इराणच्या आखातातून कराचीपर्यंत तार आली होती, पण तिचा भरवसा नसे. वाटेत अनेक ठिकाणी इंग्रजी न जाणणारे तारबाबू निरोप पुढे पाठवीत, आणि कित्येक दिवसांनी हाती पडलेल्या मजकुराचा अर्थ लावणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसे. खरा पालट १८७० साली झाला. त्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्रतळावर केबल टाकायला सुरुवात केली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे घेत ही केबल इंग्लंडच्या किनाऱ्याला पोहोचली. २३ जून १८७० रोजी केबल कंपनीचे प्रमुख जॉन पेंडर यांच्या लंडनमधील घरी झालेल्या समारंभातून हिंदुस्थानशी संदेशांची देवाणघेवाण झाली, तेव्हा उत्तर यायला काही मिनिटे पुरली. चार आठवड्यांची काही मिनिटे झाली होती.

मग मचवे पाठवण्यात अर्थ उरला नाही. लिव्हरपूलचा भाव सर्वांना जवळपास एकाच वेळी कळू लागला आणि दोन गावांमधल्या भावाच्या फरकावर चालणारा जुना सट्टा आटला. पण सट्टेबाजाची वृत्ती आटत नाही, ती दुसरे शेत शोधते. इथल्या आणि तिथल्या भावातला फरक मिटला, तर आजच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या भावातला फरक उरतोच. १८७५ साली मुंबईत ‘बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन’ स्थापन झाली आणि कापसाच्या वायदेबाजाराला संघटित रूप आले. केरी म्हणतात तसे, व्यापाराची जुगारी बाजू स्थळातून उठून काळात गेली. याची शेपटी किती लांब गेली पाहा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्या आकड्यांवर गिरणगावातला कामगार चार-आठ आणे लावी. मुंबईचा मटका जन्मला तो या ‘आंकड्या’तून. लालबागच्या चाळीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राही, तो सातासमुद्रापलीकडचा बाजार कधी बंद होतो याची वाट पाहत. ज्या न्यूयॉर्कची वेळ त्या माणसाला घड्याळात सांगता आली नसती, त्या वेळेने त्याची झोप ठरत होती. न्यूयॉर्कहून येणारे भाव १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबल्यावर मटक्याने चिठ्ठ्या आणि पत्त्यांचा आधार घेतला, तो भाग वेगळा.

आता आगगाडीकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा एकाच वेळेचा प्रश्न नव्हता; ठाणे आणि मुंबई यांच्या माध्यान्हात जेमतेम अर्ध्या मिनिटाचे अंतर. परंतु रूळ कलकत्त्यापर्यंत जाऊन भिडले, तेव्हा दोन टोकांच्या घड्याळांत तासाहून अधिक फरक पडू लागला. एकेरी रुळावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या गार्डांची घड्याळे वेगवेगळी असतील, तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. म्हणून रेल्वेने मध्यम मार्ग काढला. मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध येणाऱ्या मद्रासची वेळ सगळ्या रुळांवर लागू झाली. मद्रासची वेधशाळा तारेवरून वेळेचा इशारा देई आणि त्याबरोबर देशभरच्या स्थानकांतले काटे जुळवले जात. वेळ पाठवता येते, ही कल्पनाच नवी होती. आजवर ती आकाशातून उतरत असे. आता ती तारेतून येऊ लागली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला एक कचेरी होती.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ही रेल्वेची वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना लागू केली. कागदावर पाहिले तर बदल अर्ध्या तासाचा. पण शहर खवळले. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला आणि व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या. वादाचे केंद्र बनले ते राजाबाई टॉवरवरचे घड्याळ. रात्री ते उजळण्याचा खर्च सरकारने द्यायचा, तर त्यावर सरकारी म्हणजे मद्रासची वेळ दिसावी अशी अपेक्षा होती. विद्यापीठाच्या सिनेटने कौल दिला तो मुंबईच्या वेळेला. अखेर १८८३ साली सरकारने माघार घेतली. जगाचे मध्यान्हवृत्त ठरवणारी वॉशिंग्टनची आंतरराष्ट्रीय परिषद भरली १८८४च्या ऑक्टोबरात. मुंबईकर त्याआधीच वेळेवरून भांडून मोकळे झाले होते. अंतराच्या जोरावर मिळवलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या मनोऱ्यावर, अंतर पुसून टाकणाऱ्या वेळेला जागा नाकारली गेली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

दुसरी फेरी अधिक कडवट होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ अमलात आली. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची ही वेळ. बंगालची फाळणी होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, आणि कर्झनशाहीतून आलेल्या कोणत्याही निर्णयाकडे संशयाने पाहिले जाण्याचे ते दिवस होते. तरीही या विरोधाला नुसता राजकीय म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले, दगडफेकही झाली. त्यांचे गाऱ्हाणे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. मुंबईत जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाप्रमाणे सव्वासातच्या सुमारास. जुन्या मुंबई टाइमप्रमाणे ६ वाजून ३६ मिनिटांनी. समजा, गिरणीचा भोंगा सकाळी सहाला वाजायचा. जुन्या वेळेत तो सूर्योदयाच्या सुमारे अर्धा तास आधी वाजे. घड्याळ ३९ मिनिटे पुढे नेले आणि भोंगा मात्र सहालाच ठेवला, तर कामगाराला सूर्योदयाच्या सव्वा तास आधी काळोखात गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागणार. मालकाच्या वहीत काहीच बदलले नव्हते. खोलीतल्या बाईला मात्र भाकऱ्यांसाठी चूल पाऊण तास आधी पेटवावी लागणार होती. याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले होते, आणि काळोख पडला म्हणून सुट्टी ही निसर्गाने दिलेली मुभाही संपत होती. दीड घटकेहून थोड्या अधिक असलेल्या या वेळेचा वाद असा थेट पोटाशी आणि झोपेशी निगडित होता.

महापालिकेने मुंबई टाइम सोडायला नकार दिला. रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेवर, तर महापालिका आणि बरेचसे घरगुती व धार्मिक व्यवहार दुसऱ्या वेळेवर, अशी स्थिती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, म्हणजे शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत जपली. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, सरकारने देशातली घड्याळे आणखी एक तास पुढे केली. त्या तीन वर्षांत मुंबईच्या सूर्यापेक्षा सरकारी काटा १ तास ३९ मिनिटे पुढे धावत होता. लोकांनी हे सारे निभावले. दोन वेळा मनात वागवणे आपल्याला वाटते तितके अवघड नसावे.

मुंबई टाइम संपवले ते एखाद्या हुकमाने, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या साधनांनी तो हळूहळू निरुपयोगी केला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढच्या काळात वेळेचा ठोका घराघरांत ऐकू येऊ लागला. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की डबा भरण्याची घाई, दुपारच्या गाण्यांना वामकुक्षी, रात्रीच्या बातम्यांना जेवण, अशी दिवसाची विभागणी मुंबईपासून सांगलीपर्यंत सारखी झाली. प्रहरांची जागा कार्यक्रमांनी घेतली. ज्या घरात घड्याळ नव्हते तिथेही शेजारच्या रेडिओमुळे वेळ कळे, आणि ती एकाच प्रकारची वेळ असे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिकेच्या वेळी ओस पडणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना एका घटकेला सारा देश एका जागी बसतो म्हणजे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

टेलिफोनने निराळाच धडा दिला. एसटीडी बूथच्या दिवसांत रात्री अकरानंतर दर पाव होत असे. त्यामुळे दूरगावच्या नातेवाइकांचे सुखदुःख रात्री अकरा वाजता सुरू होई. बूथच्या काचेच्या पेटीत उभे राहून, समोरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून बोलणाऱ्या माणसाला अंतर रुपयांत आणि सेकंदांत दिसत असे. तारेचेही तेच, ती शब्दांवर मोजली जाई. शिवाय तारेचा वेग हाच मुळी भीतीचा विषय होता. खेड्यात तारवाला दिसला की पाकीट फोडण्याआधीच रडारड सुरू होई, कारण इतक्या घाईने कळवावे असे दुसरे काय असणार? भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून आठवण म्हणून तारा पाठवल्या. तारेचे भय संपले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

आता अंतर नाहीसे झाले आहे, असे सर्रास म्हटले जाते. ते तपासून घेतले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून दलालांना आपले संगणक बाजाराच्या संगणकांशेजारी ठेवण्याची सोय भाड्याने मिळू लागली. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर किलोमीटरला सेकंदाचे पाच दशलक्षांश भाग खर्च होतात. जिथे यंत्रेच यंत्रांशी खरेदी-विक्री करतात तिथे एवढ्या उशिराने सौदा हुकतो. प्रेमचंदशेठचे मचवे पुन्हा पाण्यात उतरले आहेत, फक्त समुद्राची रुंदी आता मीटरमध्ये मोजली जाते.

गिरणगावाचा भोंगाही पूर्णपणे थांबलेला नाही. पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईत अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या तरुणांचा दिवस न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला सुरू होतो. आपल्याकडे ती वेळ हिवाळ्यात साडेसातची आणि उन्हाळ्यात साडेसहाची संध्याकाळ असते, कारण अमेरिका दर मार्चमध्ये आपली घड्याळे तासभर पुढे करते आणि नोव्हेंबरात मागे घेते. त्या दोन रविवारी भारतातला एकही काटा हलत नाही. तरी सोमवारी कंपनीची गाडी एक तास आधी किंवा उशिरा दारात येते, जेवणाची वेळ सरकते, मुलाला शिकवणीवरून आणायचे काम नवऱ्याकडून बायकोकडे जाते. १९०६ च्या कामगाराला निदान कोणाविरुद्ध दगड उचलायचा हे ठाऊक होते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला हा प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांश पसरलेल्या या देशात दोन टोकांच्या सूर्योदयात जवळपास दोन तासांचा फरक पडतो. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिशांच्या काळापासून ‘बागान टाइम’ पाळला जातो. तो प्रमाण वेळेच्या एक तास पुढे. तिथल्या मजुराला पहाटे लवकर उजाडते, आणि ते उजेडाचे तास वाया घालवणे मळेवाल्यांना परवडणारे नव्हते. १९५१च्या मळा कामगार कायद्यानेही अशी स्थानिक वेळ ठरवण्याची मुभा राज्यांना ठेवली. ईशान्येसाठी वेगळी वेळ हवी ही मागणी त्यानंतर अनेकदा झाली, न्यायालयातही गेली, आणि अजून मान्य झालेली नाही. दोन वेळांच्या सीमेवर रेल्वेचा गोंधळ उडेल, हा आक्षेप त्यावर घेतला जातो.

मुंबईत मात्र जुनी वेळ महिन्यातून एकदा तरी आठवते. संकष्टीच्या दिवशी वर्तमानपत्रांत आणि दिनदर्शिकांत गावोगावच्या चंद्रोदयाचा तक्ता छापलेला असतो. उपवास सोडायला नागपूरकराला मुंबईकराच्या सुमारे अर्धा तास आधी परवानगी मिळते. मुलगी नागपुरात आणि आई मुंबईत असेल, तर फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे उगवला का?